पस्तिशीनंतर शिकणाऱ्यांचाही विचार व्हावा

मा. केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्री यांस,


आपल्या मंत्रालयाच्या ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’च्या १२५ जागांनी अनेक घरांतला पहिला पदवीधर परदेशी विद्यापीठात पोचवला आहे. त्या योजनेविषयी मनापासून आदर ठेवून तिच्यातल्या दोन अटींबद्दल लिहिते आहे : वय ३५च्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत.

माझी एक मैत्रीण मराठवाड्यात पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. वय ३८, घरातली पहिली पदवीधर. अशा कामांना मिळणाऱ्या परदेशी अर्थसाहाय्याच्या अटी दूर कुठे तरी ठरतात आणि त्या गावात उतरवताना होणारी ओढाताण तिच्या वाट्याला येते. त्या अटी जिथे ठरतात तिथे आपलं म्हणणं मांडता यावं, म्हणून तिला आंतरराष्ट्रीय धोरणाचं शिक्षण घ्यायचं आहे.

परदेशी अभ्यासक्रमांची तुलना करायला तिने वहीत रकाने आखले आहेत. प्रिन्स्टनचा एक वर्षाचा एमपीपी (सार्वजनिक धोरणातली पदव्युत्तर पदवी) साधारण सात वर्षांचा अनुभव मागतो आणि प्रवेश मिळाला तर शिक्षणशुल्क विद्यापीठ भरतं. पण तिथे चुरस मोठी. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधला मेसन कार्यक्रम विकसनशील देशांतल्या अनुभवी लोकांसाठीच आहे. अमेरिकेतल्या फ्लेचर स्कूलचा ‘जीमॅप’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो, थोडे आठवडे प्रत्यक्ष आणि बाकी ऑनलाइन. सिंगापूरचं ली क्वान यू स्कूल घरापासून जवळ, तर शिकायला जिनिव्हात गेलं की जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक व्यापार संघटना एकाच शहरात.

खरं तर निवड व्हायला हवी ती शिकवणारे कोण, सोबत बसणारे कोणत्या कामातून आलेले आणि परतल्यावर आपल्या कामाला काय उपयोग, यावरून. तिच्या वहीत मात्र सर्वांत जास्त खाडाखोड ‘पैसे’ या रकान्यात आहे. वर्षभर बिनपगारी रजा, मुलाची शाळा, घराचा हप्ता. शिष्यवृत्तीसाठी तिचं वय उलटून गेलं आणि नवरा-बायकोचे पगार मिळून उत्पन्नाची मर्यादाही ओलांडली गेली.

पहिल्या पिढीतल्या माणसाला स्थिरावायलाच उशीर होतो. आधी नोकरी, मग भावंडांची शिक्षणं, मग आईवडिलांचं घर. स्वतःच्या शिक्षणाची पाळी येईतो पस्तिशी उलटते. डॉ. बाबासाहेबांनाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. शिक्षणात खंड पडलेल्या माणसाला परत जाता आलं, तर त्या शिक्षणाचं चीज होतं.

अशी वाट इतरत्र खुली आहे. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला कमाल वयाची अट नाही. ती किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची हमी घेते.

माझी विनंती अशी : दहा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्यांसाठी काही जागा वाढवून द्याव्यात आणि त्यांना वयोमर्यादा ४५ ठेवावी. रजेच्या काळात थांबणारा अर्जदाराचा पगार उत्पन्नात धरू नये. बदल्यात देशात परतून काम करण्याची हमी जरूर घ्यावी. ही माणसं ती आनंदाने देतील, कारण त्यांचं काम इथेच आहे.

पुढच्या निवडीची नियमावली निघण्याआधी यावर निर्णय व्हावा.

आपली नम्र,
एक शिक्षिका