‘मागणीच नाही,’ म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी कागदपत्रांचा विषय निघाला की एक ठरलेले उत्तर कानी पडते : ‘मराठीतून कोणी मागतच नाही.’ उत्तर देणारा ते पुराव्यासारखे पुढे करतो. आम्ही वकिली पेशातले. पुरावा कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला हे पाहिल्यावाचून तो आम्ही मान्य करीत नाही.

एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मरणोत्तर अवयवदानाच्या संमतीचे आकडे मांडले. जर्मनीत १२ टक्के. शेजारच्या, जर्मनच बोलणाऱ्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर संमती गृहीत धरली जाई. जर्मनीत होकार मुद्दाम नोंदवावा लागे. फरक एवढाच. बहुतेक माणसे पुढ्यात येईल ते स्वीकारतात आणि त्यालाच नंतर त्यांची ‘निवड’ म्हटले जाते. यावरून जर्मन माणूस निर्दय आहे, असा निष्कर्ष या अभ्यासकांनी काढला नाही. आमच्याविषयी मात्र तो बिनदिक्कत काढला जातो.

खिडकीवर कन्नड अर्ज आयता हाती पडतो. मराठी हवा असेल तर तोंड उघडावे लागते. मागे रांग खोळंबलेली, समोरच्या कारकुनाच्या कपाळावर आठी, आणि उद्या सातबाऱ्यासाठी पुन्हा त्याच्याचकडे यायचे. अशा वेळी गप्प राहणाऱ्याने मराठी नाकारली, असे कोणते न्यायालय म्हणेल? राज्यघटनेचे कलम ३५० गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क देते खरे. पण उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, याविषयी ते मौन पाळते. (घटनाकारांना कारकुनाची आठी दिसली नसावी.)

शाळेची गोष्ट याहून बिकट. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, असे १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेने ठरवले. हेतू चांगला होता. परंतु प्रत्येक पालक इतरांकडे पाहतो : दहा जमले नाहीत तर आपल्या मुलाचे वर्ष वाया जाईल. म्हणून नऊ जण दहाव्याची वाट पाहत अन्यत्र नाव घालतात आणि दप्तरी शून्य मागणी नोंदते. इंग्रजीकडे समजून उमजून जाणारेही आहेतच. माध्यम निवडण्याचा पालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला आहे; त्यांना दोष देणारे आम्ही कोण? आमचा वाद वेगळा आहे. ज्याला विचारलेच नाही, त्याचे उत्तर गृहीत धरू नका.

कन्नडला आमचा विरोध नाही. एकाच कागदावर दोन्ही भाषा छापा. प्रवेशाच्या वेळी कोणते माध्यम हवे, हे प्रत्येक पालकाला लेखी विचारा. दहा जमेपर्यंत त्याची अन्य शाळेतील जागा राखून ठेवा. सलग तीन वर्षे हे करून मग मोजा. येईल तो आकडा, लहान असला तरी, आम्ही स्वीकारू.