उजवा खांदा जरा उतरता आहे!

शाळेचा गणवेश शिवायला टाकून आमच्या शेजारच्या वहिनी परतल्या त्या तोंड उतरवूनच. मापं घेताना टेलरमास्तर सहज बोलून गेले होते, ‘बेबीचा उजवा खांदा जरा उतरता आहे हं!’ मुलगी बारा वर्षांची. वहिनींच्या डोळ्यांपुढे थेट लग्नाचा मांडवच उभा राहिला.

पण स्वतःच्याच पावलांना पट्टी लावून बघा. दोन्ही तंतोतंत सारखी निघणं कठीण. चपलेच्या दुकानात एक पाय घट्ट, दुसरा सैल, हा अनुभव कुणाला नाही? शरीराच्या दोन्ही बाजू एकाच आराखड्यावरून घडतात. वाढीच्या काळात आजारपण, कुपोषण यांचे धक्के बसले की बारीक तफावत पडते. म्हणून जीवशास्त्रज्ञांना वाटलं, ही तफावत म्हणजे प्रकृतीचं प्रगतिपुस्तकच!

१९९६ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने जमैकातल्या ग्रामीण भागातल्या २८८ मुलांची कोपरं, मनगटं, गुडघे, कान, बोटं मोजली. चौदा वर्षांनी त्यांच्यातल्या अनेकांना पळायला लावलं, तर लहानपणी ज्यांचे दोन्ही गुडघे सारखे, ती जास्त वेगाने पळाली. मात्र सारख्या बांध्याची मुलं छान नाचतात, असं सांगणारा याच मुलांवरचा ‘नेचर’मधला २००५ चा गाजलेला लेख २०१३ मध्ये मागे घेतला गेला. आकडेच संशयास्पद! आणि त्यासाठी हट्ट धरला होता लेखकांपैकी एक असलेल्या खुद्द ट्रिव्हर्सनी. ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलामुलींचे चेहरे मोजले. २०१४ चा निष्कर्ष असा, की लहानपणीच्या आजारपणाशी त्याचा संबंध दिसत नाही.

आणि जमैकाचाच उसेन बोल्ट? त्याचा कणा वाकडा, उजवा पाय डाव्यापेक्षा सुमारे अर्धा इंच आखूड. तरी २००९ साली बर्लिनला शंभर मीटर ९.५८ सेकंदांत!

तेव्हा आरशापुढे नाकाडोळ्यांची मापं काढत बसू नका. मात्र मास्तरांची नजर वाया घालवू नका. दहा ते पंधरा या वयात उंची झपाट्याने वाढताना कण्याला बाक येऊ शकतो. मोठा बाक मुलींतच जास्त आढळतो. (दप्तराला बोल लावू नका, ते याचं कारण नव्हे.) मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेवर कळलं, तर पुष्कळदा पट्टा लावून बाक वाढायचा थांबवता येतो.

मोठ्यांच्या बाबतीत एकच सांगते. तोंड अचानक एका बाजूला ओढलं गेलं, हात लुळा पडला, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

वहिनींनी त्याच संध्याकाळी लेकीला वाकवून पाहिलं. पाठ अगदी सारखी होती. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांचा उजवा खांदा पुष्कळदा किंचित खालीच असतो. मास्तरांनी त्या खांद्यात पातळसं पॅड घालून गणवेश वेळेवर दिला.