अर्धी गोष्ट

कोल्हापुरात मी पुष्कळ वर्षे मराठी शिकविली. टिळक-आगरकरांच्या पहिल्या कारावासाची हकीकत आली, म्हणजे मी आवेशाने सांगत असे, “सत्य लिहिले म्हणून या तरुण संपादकांना तुरुंगात जावे लागले!” मुले भारावून जात. एके दिवशी एका मुलाने विचारले, “गुरुजी, त्यांनी छापलेली पत्रे खरी होती का?” मी निरुत्तर झालो, कारण मी अर्धीच गोष्ट सांगत आलो होतो.

१८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असे लेख त्यांत आले. दिवाण बर्वे यांच्या नावाची काही पत्रे पुरावा म्हणून पुढे आली होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

तथापि त्यांची कळकळ खोटी नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी त्या वेळच्या अहमदनगर येथे एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा करुण अंत झाला. हेतू शुद्ध होता, भीती साधार होती. मात्र हाती घेतलेला पुरावा खोटा होता.

असा प्रसंग मुलांपासून लपवू नये, असे माझे मत आहे. त्यांच्यापुढे त्या वेळचे लेख ठेवावेत, खटल्याचा वृत्तांत ठेवावा, आगरकरांनी तुरुंगातील दिवसांवर लिहिलेले पुस्तकही ठेवावे. प्रत्येक कागदास विचारावयास शिकवावे : हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? त्याने स्वतः काय पाहिले आणि काय केवळ ऐकले?

यामुळे थोर पुरुषांविषयीचा आदर कमी होईल, असे काहीजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. चूक पदरात घेऊन शिक्षा भोगणारे आणि बाहेर येताच पुन्हा निर्भयपणे लेखणी उचलणारे संपादक मुलांना अधिकच जवळचे वाटतात.

सत्तेला जाब विचारण्याचा वृत्तपत्रांचा हक्क अमोल आहे. म्हणूनच तो खोट्या कागदावर उभा राहू नये. ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला, त्याला हा धडा माझ्याआधी कळला होता.