दिवा पिवळा, बिल पाच आकडी

जोतिबाचा डोंगर चढताना इंजिनाची परीक्षा असते आणि उतरताना ब्रेकची. माघातल्या खेट्यांना आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला केर्लीपासून वरच्या वळणांवर पायी निघालेली माणसं, एसटी, वडाप आणि बाहेरगावच्या गाड्या सगळे एकाच रस्त्यावर असतात. पावसाळ्यात त्यात धुकं. अशा उतारावर डॅशबोर्डवर पिवळा ‘एबीएस’ दिवा पेटलेला असतानाही गाडी खुशाल हाकणारे पुष्कळ भेटतात. विचारलं तर म्हणतात, ब्रेक लागतोय की! ते अर्धं खरं आहे, आणि धोका त्या अर्ध्यातच आहे.

चावी फिरवल्यावर हा दिवा काही क्षण पेटून विझला पाहिजे. तसाच राहिला, तर यंत्रणेला स्वतःत दोष सापडला आहे आणि ती बाजूला झाली आहे. नेहमीचा ब्रेक चालतो, पण ओल्या रस्त्यावर पाय जोरात दाबला तर चाक जाम होऊन घसरेल आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणार नाही. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल, तर गोष्ट जास्त गंभीर. तिथे आधी हँडब्रेक सुटला आहे का आणि ब्रेक ऑइल किती आहे ते बघावं. ते ठीक असूनही दिवा जात नसेल, तर गाडी घाटात घालू नये.

आता खरं दुखणं. दिवा पेटलेली गाडी दुरुस्तीला नेली की अनेकदा स्कॅनर लावून दोन मिनिटांत निकाल मिळतो: मॉड्यूल गेलं, बदलावं लागेल. बिल पाच आकडी. माझ्या ओळखीच्या एका वडापवाल्याला हेच सांगण्यात आलं. त्याने उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीला गाडी दाखवली. मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला, मागे काय काम केलंत? पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बेअरिंगच्या सीलमध्ये बसवलेली चुंबकीय कडी वाचतो. बेअरिंग उलटं बसलं की कडी भलत्या बाजूला जाते आणि सेन्सरला चाक थांबल्यासारखंच दिसतं. बेअरिंग सुलटं बसलं, दिवा गेला. मॉड्यूलला हातही लावावा लागला नाही.

स्कॅनरवरचा कोड आजाराचं नाव सांगत नाही, कुठे दुखतंय तेवढंच सांगतो. ‘डाव्या पुढच्या चाकाचा सिग्नल नाही’ याचा अर्थ सेन्सर मेला, असा होत नाही. चिखल बसला असेल, वायर चाकाजवळ घासून तुटली असेल, कनेक्टरमध्ये गंज असेल. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात; ‘सी’ने सुरू होणारे ब्रेकचे कोड त्यांना दिसतच नाहीत. ज्याच्याकडे नीट स्कॅनर आहे त्याने गाडी हळू चालवून चारही चाकांचे वेग एकत्र बघावेत. तीन चाकं वीस दाखवतात आणि एक शून्य, तर चोर तिथेच आहे.

चारही चाकं बरोबर असतील तेव्हा मॉड्यूलकडे वळावं, आणि तेव्हाही आधी त्याचा फ्यूज, बॅटरीचा दाब, येणारी वीज आणि अर्थिंग तपासावं. मॉड्यूल स्कॅनरशी बोलतच नसेल तर बऱ्याचदा त्याला वीजच पोहोचलेली नसते. हे सगळं ठीक असूनही आतल्या दोषाचा कोड परत परत येत असेल, तर ते खरंच गेलं असं म्हणता येईल. काही मॉड्यूलमध्ये आतली सोल्डरिंग तडकते, ती जाणकार माणूस दुरुस्तही करतो. भंगारातून जुनं आणून बसवायचं तर नंबर जुळतो का आणि त्याला त्या गाडीचं कोडिंग लागतं का, ते आधी विचारावं.

एप्रिल 2019 पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. त्या गाड्या आता वॉरंटीबाहेर जाऊन गल्लीतल्या गॅरेजात येत आहेत. त्या गॅरेजांत आपली कितीतरी पोरं उस्तादाच्या हाताखाली शिकतात. पाना धरायला उस्ताद शिकवतो. मल्टिमीटर आणि वायरिंगचा नकाशा कोण शिकवणार? आपण शिष्यवृत्त्या देतो, सत्कार घेतो. दहा पोरांना महिनाभर ऑटो इलेक्ट्रिकलचं काम शिकवण्याचा खर्च एखाद्या सत्कार समारंभाइतकाच येईल. गाडी मिस्त्रीकडे अमानत असते असं आपण म्हणतो, पण अंदाजाने पार्ट बदलणं हा त्या अमानतीतला खोट आहे, मग तो पोराने केलेला असो की चकचकीत काचेच्या दुकानाने.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक बघावं. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा अजिबात पेटलाच नाही, तर आनंद मानू नका. कुणीतरी तो काढून किंवा झाकून ठेवलेला असू शकतो.