‘वयोमान’ हे काही निदान नव्हे

वस्तीतली एखादी आजी पन्नास वर्षे वंदना घेत आलेली असते. एके दिवशी पंचशील म्हणताना ती अडखळते आणि दुसऱ्या शीलानंतर पुन्हा पहिलेच म्हणते. पोरे हसतात. सून म्हणते, “आई, वय झालं आता.” श्रावणबाळचे पैसे काल आणले, तरी आजी आज विचारते, “पैसे आले का गं?” घरात कोणाला काळजी वाटत नाही, कारण भाकरी तीच थापते आणि नातवाला अंगणवाडीत तीच सोडते.

आम्हाला वाटते, काळजी इथेच करायला हवी.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हे उतारवयात चालायचेच. पण तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणे, सकाळचे बोलणे संध्याकाळी साफ विसरणे, ओळखीचा शब्द न सापडणे, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकणे, बीपीची गोळी दोनदा घेणे, आणि हे पूर्वीपेक्षा वाढत जाणे, ही वेगळी गोष्ट आहे. रोजची कामे माणूस स्वतः करतो, पण स्मृती वयाच्या मानाने मागे पडलेली असते. या अवस्थेला डॉक्टर ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणतात. हे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. काहींची स्थिती तशीच राहते, काहींची सुधारते, काहींची पुढे स्मृतिभ्रंशाकडे जाते.

दवाखान्यात मात्र केसपेपरवर बरेचदा एकच शब्द येतो, ‘वयोमान’. आमची तक्रार या शब्दाशी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत प्रत्येक आजाराला एक कोड असतो. दहाव्या यादीत म्हातारपणाच्या क्षीणतेला आर ५४ आहे, तर या सौम्य विकाराला एफ ०६.७. अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्याला ६डी७१ हा कोड आहे. आर ५४ लिहिले की विषय संपतो. एफ ०६.७ लिहिले की मागे कोणता शारीरिक आजार आहे ते शोधावे लागते. ‘एफ’ हे अक्षर मानसिक विकारांच्या कप्प्याचे आहे, म्हणून घाबरू नये. कप्प्याच्या नावाने माणूस वेडा ठरत नाही. नव्या यादीत ‘वार्धक्य’ हा शब्द घातला, तेव्हा जगभरच्या ज्येष्ठांच्या संघटनांनी विरोध केला आणि तो शब्द बदलावा लागला. वय हा आजार नाही, हे त्यांचे म्हणणे आमचेही आहे. शिवाय जे कागदावर लिहिले जात नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी डॉक्टर आणि औषधे येत नाहीत.

कारण शोधले तर बरेचदा ते उपचार करण्यासारखे निघते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, साखर, बीपी, झोपेच्या गोळ्या, दारू, मनाची उदासी, कमी ऐकू येणे. स्मरणशक्तीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांवर पैसे घालवण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

तपासणीतही एक अडचण आहे. शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य लिहा, असे प्रश्न शाळा न पाहिलेल्या माणसाला विचारले तर धडधाकट माणूसही नापास होतो. १९९५ साली हरियाणातील बल्लभगड भागातल्या निरक्षर वृद्धांसाठी वेगळी चाचणी तयार झाली, ती याच कारणाने. आपल्या आजी-आजोबांना शाळेचे दार बंद होते, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपणा, बीपी, मधुमेह आणि धूम्रपान आहे. आपल्या जालन्यातून आजही ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर लेकरे जातात आणि शाळा सुटते. ती शाळा टिकवणे म्हणजे त्यांचे म्हातारपण राखणे.

तर घरच्यांनी एवढे करावे. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी घ्यावी. केव्हापासून काय बदलले याची तीन उदाहरणे लिहून न्यावीत. सोबत रोज घरात राहणारे माणूस असावे. “डॉक्टर, वयोमान नको, निदान आणि कोड लिहा,” असे नम्रपणे पण ठामपणे म्हणावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला किंवा तोंड वाकडे झाले, तर वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

शेवटचे, आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे. निदान झाले म्हणून आजीचे पासबुक काढून घेऊ नये, कागदावर तिचा अंगठा उमटवून घेऊ नये. तिची स्मृती थोडी कमी झाली आहे, तिचा हक्क नाही.