बीटा घ्या, पण रोजच्या फोनवर नको

आयफोनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दरवर्षी साधारण सप्टेंबरात सर्वांसाठी येते. त्याआधी, उन्हाळा सरला की, ॲपल तीच आवृत्ती हौशी लोकांना वापरून बघायला देते. गूगलही पिक्सेल फोनवर नवे अँड्रॉइड असेच आधी देते. यालाच बीटा म्हणतात. पैसे पडत नाहीत आणि नवी गोष्ट सर्वांच्या आधी हातात येते. साहजिकच मोह होतो.

बीटा जरूर घ्या. चुका वेळेत सापडाव्यात म्हणूनच तो दिलेला असतो. पण घेण्याआधी घरात बसून थोडा विचार करा.

बीटा म्हणजे अजून पक्के न झालेले काम. फोन मधेच बंद पडू शकतो. बॅटरी लवकर उतरते. कधी बँकेचे ॲप उघडतच नाही. दुकानात पैसे द्यायला उभे आहात आणि यूपीआय चालत नाही, अशी वेळ येऊ शकते. गॅसच्या सिलिंडरचा ओटीपी, मुलांच्या शाळेचे निरोप, आईच्या डॉक्टरांचा फोन, सारे त्याच एका फोनवर येते.

म्हणून पहिली गोष्ट. घरात जादा फोन असेल तर त्यावरच बीटा टाका. वेगळे यंत्र वापरा, असे ॲपल स्वतःही सांगते. जादा फोन नसेल तर पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबा. त्यात तुमचे काही जात नाही.

दुसरी गोष्ट, आधी बॅकअप घ्या. बीटा असलेल्या आयफोनचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत चढत नाही. त्यामुळे बीटा टाकण्यापूर्वीच संगणकावर बॅकअप घ्या आणि तो वेगळा जपून ठेवा. अँड्रॉइडवर फोटो, नंबर आणि व्हॉट्सॲप यांचा बॅकअप झाला आहे का, एकेक तपासा.

तिसरी, कंटाळून घाईने बाहेर पडू नका. अँड्रॉइडचा बीटा मधेच सोडून जुन्या आवृत्तीवर आलात, तर फोन पूर्ण कोरा होतो. पक्की आवृत्ती येऊ द्या. ती टाका आणि मग बाहेर पडा. तेव्हा फोन पुसला जात नाही.

चौथी गोष्ट नीट लक्षात ठेवा. बीटा अधिकृत वाटेनेच घ्या. फोनचा बीटा कंपनीच्या अधिकृत नोंदणीतून आणि सेटिंगमधून मिळतो. ॲपचा बीटा प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या टेस्टफ्लाइटमधून मिळतो. तरीही अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून काही घेऊ नका. बीटा ॲपच्या नावाखाली लोकांना लुबाडले जात असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला होता. व्हॉट्सॲपवर कोणी एपीके फाइल पाठवली, तर ती उघडूही नका. फसवणूक झालीच तर लाजू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला, १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

पाचवी, चूक दिसली की कळवा. नुसते ‘चालत नाही’ लिहून भागत नाही. काय करत होता, काय व्हायला हवे होते, काय झाले, फोन कोणता, एवढे चार ओळींत लिहा. सोबत स्क्रीनशॉट जोडा. त्यात खाते क्रमांक किंवा ओटीपी दिसत नाही ना, ते आधी बघा.

आणि मराठीकडे मुद्दाम लक्ष द्या. जोडाक्षरे फुटतात का? ‘सुऱ्या’मधला र नीट उमटतो का? ‘ळ’ चटकन सापडतो का? बोलून लिहिताना फोनला तुमची मराठी कळते का? या चुका मराठी वापरणाऱ्यालाच दिसतात. आपण त्या कळवल्या नाहीत, तर त्या पक्क्या आवृत्तीत तशाच राहू शकतात आणि घराघरांतल्या फोनवर पोहोचतात.

तेव्हा जादा फोन असेल तर बीटा घ्या, मराठीतून वापरा आणि सापडलेली प्रत्येक चूक कळवा.