खुर्ची कोणाची?



कॅनडात अनेक नगरपालिका आणि विद्यापीठे आदिवासी समाजातून सलोखा सल्लागार परिषदेसाठी सदस्य मागवतात. अर्ज तुम्ही करा, निवड आम्ही करू! ऐकायला छान. पण निवडणारा कोण?

तिथे दीड लाखांहून अधिक आदिवासी मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडली गेली. त्याची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. राष्ट्रीय सलोखा परिषद ही त्यातली ५३ वी. तिचा कायदा व्हायला २०२४ उजाडले. विधेयक संसदेत असतानाच इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने पाठिंबा काढून घेतला. आपण निवडलेले प्रतिनिधी बाजूला पडतील, ही त्यांची चिंता होती.

ही चिंता आपल्याला नवी नाही. १९३२ च्या पुणे कराराने आपल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा आपली, निवडणारा हात दुसऱ्याचा. त्यातून जे प्रतिनिधी घडले त्यांना कांशीराम यांनी सरळ ‘चमचा’ म्हटले.

मग परिषदेत जाऊच नये का? जरूर जावे, पण अटींवर. नावे समाजाने ठरवावीत. सल्ला फेटाळला तर लेखी कारण मिळावे. सदस्याला परत बोलावण्याचा अधिकार समाजाकडे असावा.

उद्या तुम्हालाही एखाद्या समितीचे बोलावणे येईल. तेव्हा एवढेच विचारा: ही खुर्ची माझ्याकडून कोण काढून घेऊ शकतो? उत्तर ‘समाज’ नसेल, तर ती खुर्ची समाजाची नाही.